किटली आणि कोरा चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात सुंदर किटली आहे, पण ती काचेच्या कपाटातच बसून आहे, अशांसाठी हे पान आहे. इथे किटली म्हणजे तोटी आणि झाकण असलेलं, चहा मुरवायचं भांडं. पाणी तापवायच्या विजेच्या उपकरणाला केटल म्हटलं आहे.

रोजचा दुधाचा चहा किटलीत करता येतो का?

नाही. आलं-वेलची ठेचून, साखर-दूध घालून कढ काढलेला चहा हा पातेल्याचाच. त्याला लागणारी सीटीसी पावडर झटकन आणि भरपूर रंग सोडण्यासाठीच बनवलेली असते. विल्यम मॅककर्चर यांनी १९३०च्या सुमारास आसामात ही पद्धत काढली. तिच्यात पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात. असा दाणा दुधात उकळला तरी चवीला पुरून उरतो. दार्जिलिंगचं अख्खं पान दुधात उकळलं तर मात्र दुधाची चव राहते, पानाची जाते आणि किलोला मोजलेले हजारो रुपये चोथ्यात जातात.

अमृततुल्यमध्ये किटली दिसते ती चहा वाहून न्यायला. चहा पितळी पातेल्यात होतो, फडक्यातून गाळून किटलीत पडतो. तिथे किटली ही बरणीच समजा. कोऱ्या चहाच्या किटलीचं काम वेगळं आहे: पान पाण्यात मुरवणं आणि वेळ झाली की ते पाणी पानापासून तोडणं. या दुसऱ्या कामाकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

मग किटलीसाठी कोणता चहा घ्यावा?

अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांच्या पानांचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीचा.

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश हा मार्च-एप्रिलच्या खुडणीचा. रंग फिकट सोनेरी, वास फुलांचा, अंगाने हलका. त्यात दूध घालणं म्हणजे त्याच्यावर पाणी ओतण्यासारखंच. सेकंड फ्लश मे-जूनचा. तो तांबूस, भरदार, आणि चांगला लागला तर पिकल्या मस्कट द्राक्षांचा वास असलेला. या वासामागे तुडतुडे नावाचे बारीक किडे आहेत. कापसावर ते आले की शेतकऱ्याची झोप उडते. दार्जिलिंगच्या मळ्यात त्यांनी कोवळं पान चावलं की झाड प्रतिकारासाठी जी द्रव्यं तयार करतं, त्यांतूनच हा सुगंध येतो.

आसाम ऑर्थोडॉक्स जाड अंगाचा, माल्टच्या वासाचा, दूध पेलतो. निलगिरी सगळ्यात सोशिक. मिनिटभर जास्त मुरला तरी फार कडवट होत नाही आणि थंड झाल्यावर सहसा गढुळत नाही, त्यामुळे बर्फाच्या चहाला उत्तम. पहिल्यांदाच किटली वापरणार असाल तर निलगिरीपासून सुरुवात करा.

पाकिटावर खुडणीचा किंवा पॅकिंगचा महिना बघा. फर्स्ट फ्लश वर्षभरात निस्तेज होतो. दार्जिलिंगला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं पहिलंच. हातात दोन पानं आणि कळी धरलेल्या बाईचं टी बोर्डाचं चिन्ह पाकिटावर आहे का, तेही पाहा.

प्रमाण आणि कृती नेमकी सांगाल का?

चौघांसाठी ६०० मिली पाणी धरू, म्हणजे प्रत्येकी १५० मिलीचा एक कप.

पाणी ताजं घ्या आणि थोडं जास्तच, साधारण ८०० मिली तापवा. उकळी यायच्या जरा आधी त्यातलं कपभर पाणी रिकाम्या किटलीत ओता, गोल फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने ते कपांमध्ये ओतून कपही गरम करा. आता किटलीत ९ ग्रॅम दार्जिलिंग किंवा निलगिरी टाका. आसाम असेल तर १० ग्रॅम. झाकण लावून दहा-पंधरा सेकंद थांबा आणि झाकण काढून वास घ्या. गरम भांड्यात कोरडं पान जो वास सोडतं, त्यावरून पान ताजं आहे की शिळं ते पाणी ओतण्याआधीच कळतं.

किटली केटलपाशी न्या. केटल किटलीपाशी आणायला गेलात तर तेवढ्यात पाण्याची उकळी बसते. पाणी पानांवर थेट ओता. घड्याळ लावा: फर्स्ट फ्लश ३ मिनिटं, सेकंड फ्लश ४, निलगिरी ३ ते ४, आसाम ४, आणि दूध घालणार असाल तर ५. मधे एकदा चमचा फिरवा, खाली बसलेली पानं वर येऊ द्या. वेळ झाली की सगळा चहा ओतून घ्या. एका कपात पूर्ण भरून मग दुसऱ्यात ओतू नका. आधी सगळ्या कपांत थोडा-थोडा, मग उलट क्रमाने परत. नाहीतर पहिल्याला फुळकवणी आणि शेवटच्याला कडू चहा मिळतो.

चमच्यावर विसंबू नका. मोठ्या पानाचा एक चमचा दीड-दोन ग्रॅमच भरतो, सीटीसीचा सपाट चमचा अडीच ग्रॅमच्या आसपास. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल वजनकाटा आता स्वस्तात मिळतो.

“दर कपाला एक चमचा आणि वर एक किटलीचा” हा नियम बरोबर आहे का?

सहा कपांच्या मोठ्या किटलीला ठीक. दोन कपांच्या किटलीत त्याच नियमाने दीडपट पान पडतं आणि मग “मला कोरा चहा झेपत नाही” असं ऐकू येतं.

चहा चाखणारे पट्टीचे लोक किती घेतात?

आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलीला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे. पांढऱ्या पोर्सिलीनच्या किंवा चकाकी दिलेल्या मातीच्या छोट्या भांड्यात हा चहा करतात. पण ते प्रमाण पिण्यासाठी नाही, दोन नमुने शेजारी ठेवून दोष शोधण्यासाठी आहे. घरी तसा केला तर जीभ आखडते.

किटली आधी गरम करणं खरंच गरजेचं आहे का?

हिशोब करून बघा. अर्धा किलो वजनाची चिनी मातीची किटली २५ अंशांवर आहे आणि तुम्ही ६०० मिली उकळतं पाणी ओतलंत. किटली आपल्या वाट्याची उष्णता घेते आणि पाणी लगेच ८७-८८ अंशांवर येतं. आसामचा जोर ९५च्या पुढेच सुटतो. पातळ काचेच्या किटलीत फरक कमी पडतो, जाड स्टोनवेअरमध्ये, म्हणजे कडक भाजलेल्या टणक मातीच्या भांड्यात, जास्त. ग्रीन टीसाठी मात्र हा सोपस्कार सोडला तरी चालतो.

पाणी किती तापलेलं हवं?

काळ्या चहाला खळखळ उकळी. ऊलाँगला, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधल्या जातीला, ९० अंशांच्या आसपास. ग्रीन टीला ७० ते ८०. उकळत्या पाण्यात ग्रीन टी टाकला की पालेभाजीच्या पाण्यासारखा वास आणि कडवटपणा येतो, आणि लोक दोष चहाला देतात. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओता. दर ओतण्याला साधारण आठ-दहा अंश उतरतात.

उंचीचाही परिणाम होतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने घटतो. महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे आसाम मुरवायचा तर मिनिटभर जास्त द्या आणि किटली गरम करायला विसरू नका.

चहा कडू होतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा एकच: पानं पाण्यातच राहतात. पहिला कप छान लागतो, गप्पा रंगतात, वीस मिनिटांनी दुसरा कप ओतला की तोंड वाकडं होतं. टॅनिनं, म्हणजे पानातली तुरट-कडू द्रव्यं, त्या वीस मिनिटांतही उतरतच असतात. उपाय तीन. तेवढीच किटली घ्या जेवढी एका फेरीत रिकामी होईल. किंवा आतली जाळी उचलता येईल अशी किटली घ्या. किंवा दोन किटल्या वापरा: एकीत मुरवा, गाळून दुसऱ्या गरम किटलीत ओता. बरीच मंडळी जमणार असतील तर तिसरा उपाय सगळ्यात भरवशाचा.

कडू लागतो म्हणून वेळ न घटवता पान कमी करणं ही उलटी दुरुस्ती. त्याने चहा पानचटही होतो आणि कडूही राहतो.

आणि पानचट होत असेल तर?

गार किटली, जुनं पान, किंवा चहाचा लिंबाएवढा चेंडू. त्या साखळीच्या जाळीदार चेंडूत पान गच्च भरलं की फुलायला जागाच राहत नाही. मोठं पान भिजून तीन-चार पट होतं. जाळी घ्यायची तर किटलीच्या पोटात खोल जाणारी, रुंद घ्या.

दूध आधी की नंतर?

आधी दूध घालून त्यावर चहा ओतला तर दूध हळूहळू तापतं. नंतर घातलं तर दुधाचे पहिले थेंब एकदम गरम चहात पडतात आणि उकळलेल्या दुधाची चव किंचित जास्त येते. फरक आहे, पण बारीक. नंतर घातल्याचा फायदा असा की रंग बघून थांबता येतं. १५० मिलीला १५ ते २० मिली पुरे. साय काढून घ्या. कोऱ्या चहावर तरंगणारी साय कोणालाच शोभत नाही.

किटली विकत घेताना काय बघायचं?

दुकानदाराकडे पाणी मागा. तो देत नसेल तर निदान डोळ्यांनी पुढच्या गोष्टी तपासा.

तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीला किंवा थोडं वर हवं. तोटी आणि पोट ही जोडलेली भांडी आहेत, दोन्हींत पाणी एकाच पातळीला चढतं. टोक खाली असेल तर किटली पूर्ण भरूच शकणार नाही, आधी तोटीतून सांडेल. शोभेच्या किटल्यांमध्ये, विशेषतः हत्ती-मांजराच्या आकारांत, ही चूक सर्रास दिसते.

झाकणाला बारीक भोक हवं. ते वाफेसाठी असतं असं सगळे म्हणतात, पण खरं काम हवा आत घेण्याचं. चहा बाहेर पडतो तेवढी हवा आत आली नाही तर धार गचके खात थांबते. याचीच उलटी परीक्षा घेता येते: पाणी भरून ओतायला लागा आणि भोकावर बोट ठेवा. धार तुटली तर झाकण नीट बसतं. वाहतच राहिली तर कडेने हवा शिरते आहे, म्हणजे झाकण सैल आहे.

झाकणाला आतून खोल कडा किंवा एका बाजूला जीभ हवी, नाहीतर शेवटचा कप ओतताना झाकण कपात पडतं आणि बहुतेकदा कपासह फुटतं.

मुठीत तीन बोटं शिरून पोटापासून बोटभर अंतर राहायला हवं. भरलेली किटली ४५ अंशांत कलवा. मनगट वळवावं लागत असेल तर तोल चुकला आहे. तोटीच्या मुळाशी आत काय आहे तेही बघा: एकच मोठं भोक असेल तर पानं अडकणार, सात-आठ बारीक भोकं असतील तर निभेल.

मापही मिलीमध्ये विचारा. “चार कपांची” यात कप कोणाचा, हे कोणी सांगत नाही. भरून ७०० मिली मावणारी किटली प्रत्यक्षात ६०० मिलीचीच समजा.

तोटीवरून चहा ओघळून टेबलावर पडतो. का?

हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतला आहे. मार्कस रायनर यांनी १९५६ साली त्याला “टीपॉट इफेक्ट” म्हणून मांडलं आणि न गळणाऱ्या तोटीचं गणित करणाऱ्याला १९९९ साली इग नोबेलही मिळालं. धार जोरात असते तेव्हा ती टोकापासून सुटून पुढे जाते. वेग कमी झाला, म्हणजे थांबताना किंवा फार हळू ओतताना, की चहा टोकाच्या खालच्या बाजूला चिकटतो आणि तोटीच्या अंगाने खाली येतो. टोक गोल, जाड असेल तर जास्त. धारदार, पातळ आणि किंचित खाली वळलेलं असेल तर कमी.

घेतलेली किटली गळत असेल तर ठामपणे ओता आणि थांबताना तोटी झटकन वर उचला. टोकाच्या खालच्या बाजूला लोण्याचं पुसट बोट फिरवलं तर चहा चिकटत नाही. पाहुणे येणार असतील तेव्हापुरतं चालतं. कानस लावून टोक घासू नका, चकाकीचा थर उडतो आणि खालची माती डाग धरते.

कोणत्या मटेरियलची किटली चांगली?

सगळ्या प्रकारच्या चहाला एकच किटली ठेवायची असेल तर पोर्सिलीन. ते वास धरत नाही, सकाळी आसाम आणि दुपारी ग्रीन टी केला तरी कुरकुर नाही. युरोपला ते जमलं १७१०च्या सुमारास, जर्मनीतल्या माइसनमध्ये. तोवर चीनमधून येणाऱ्या मालावरच भागत होतं.

स्टोनवेअर आणि लाल मातीच्या किटल्या जाड आणि ऊब धरणाऱ्या. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची तपकिरी चकाकीची “ब्राउन बेटी” याच जातीची. गोल पोटात पानं मोकळी फिरतात. दिसायला साधी, पण आसामसाठी हिला तोड नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं खुर्जा चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि प्रदर्शनांतून तिथल्या किटल्या रास्त भावात मिळतात. झाकणाची परीक्षा मात्र प्रत्येक नगाची वेगळी घ्या. मणिपूरच्या लोंगपीची काळी किटली चाकावर न घडवता दगडाची पूड आणि मातीतून हाताने करतात.

काचेत रंग दिसतो, शिकणाऱ्याला उपयोगी. ऊब लवकर जाते. बोरोसिलिकेट, म्हणजे उकळत्या पाण्याने न तडकणारी काच आहे का ते विचारून घ्या.

बिडाच्या जपानी किटल्यांबाबत गोंधळ फार आहे. आतून इनॅमलचं अस्तर असेल तर ती मुरवायची किटली. ती गॅसवर ठेवायची नाही, अस्तर तडकतं आणि मग आत गंज चढतो. अस्तर नसलेली “तेत्सुबिन” पाणी तापवायची. तिच्यात पानं टाकायची नाहीत.

बोन चायनामध्ये खरंच हाडं असतात का? घरात शाकाहार आहे.

असतात. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये जोसाया स्पोड यांनी जे मिश्रण रूढ केलं, त्यात जवळपास निम्मी गुराढोरांच्या हाडांची राख असते. त्यानेच त्याला शुभ्रपणा, हलकेपणा आणि पातळ असूनही मजबुती येते. नको असेल तर पोर्सिलीन किंवा स्टोनवेअर असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. नुसतं “फाइन चायना” लिहिलं असेल तर विचारून खात्री करा.

यिशिंगची छोटी किटली हजारो रुपयांना का असते? आणि ती धुवायची कशी?

चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या यिशिंगची ही जांभळट-तपकिरी माती, “झिशा”. तिला चकाकी देत नाहीत, त्यामुळे ती चहाचा वास सूक्ष्म छिद्रांत धरते. म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. माप १०० ते १५० मिली, पान ५ ते ७ ग्रॅम, आणि पहिलं मुरवणं वीस-तीस सेकंदांचंच. तेच पान सहा-सात वेळा वापरतात, दर वेळी थोडा वेळ वाढवत.

तिला साबण कधीच लावायचा नाही. पुढचे काही दिवस चहाला साबणाचा वास येईल. गरम पाण्याने खळबळा, झाकण काढून उलटी ठेवा, पूर्ण वाळू द्या. ओली असताना झाकण लावून कपाटात ठेवली तर आपल्या पावसाळ्यात आठवड्यात बुरशी येते. स्वस्त मालात रंगवलेली माती असते. पहिल्या गरम पाण्यात रंग उतरला तर ती शोभेलाच ठेवा.

जपानी किटलीची मूठ बाजूला का असते?

एका हाताने, अंगठ्याने झाकण दाबून, मनगट फक्त गोल वळवून ओतता यावं म्हणून. हिला क्यूसू म्हणतात. बहुतेक किटल्या उजव्या हाताच्या असतात. डावखुऱ्यांनी घेताना बघून घ्या.

टिकोझी, म्हणजे किटलीवर चढवायची उबदार टोपी, घालावी का?

पानं काढल्यानंतर, जरूर. पानं आत असताना घातली तर कडवटपणाला ऊब मिळते. घरी शिवायची तर आत कापसाचा जाड थर आणि बाहेर सुती कापड. वाकळ-गोधडीचे उरलेले तुकडे उत्तम चालतात. चकचकीत सॅटिन ओलं होतं आणि डाग धरतं.

चहावर तेलकट तवंग येतो. तेल कुठून आलं?

ते तेल नाही. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून वर साय धरतात. बोअरच्या पाण्यात हमखास दिसतो, कपाच्या कडेला तपकिरी वर्तुळ सोडतो. अपायकारक नाही, पण चहा मळकट दिसतो आणि चव दबते. लिंबाचे दोन थेंब टाकले की तवंग जातो, रंगही फिका होतो. कायमचा उपाय म्हणजे फिल्टरचं पाणी, आणि तेही अगदी क्षारशून्य नको, त्यात चहा उथळ लागतो.

आतले तपकिरी डाग कसे काढायचे?

चकाकी असलेल्या किटलीत दोन चमचे खायचा सोडा टाका, उकळतं पाणी काठोकाठ भरा, तासभर ठेवा, मग मऊ बाटलीब्रशने पुसा. पांढरा खडबडीत थर असेल तर तो क्षाराचा. त्याला सोडा नाही, लिंबूफूल लागतं. अर्ध्या लिटर गरम पाण्यात एक चमचा, वीस मिनिटं. तोटीसाठी दात घासायचा जुना ब्रश किंवा पाइप साफ करायची बारीक तार, पण तिला कापड गुंडाळून. तारेची घासणी चकाकीवर ओरखडे पाडते आणि पुढचे डाग तिथेच बसतात. सोनेरी नक्षीची किटली मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्हींपासून लांब ठेवा.

जुन्या बाजारात किटली मिळाली. वापरू का?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात छान नग सापडतात, पण जुन्या चकाकीत आणि रंगांत शिसं असू शकतं. आतून बारीक भेगांचं जाळं दिसत असेल, किंवा आतल्या बाजूला रंगीत नक्षी असेल, तर ती वापरू नका. लिंबाचा चहा तर अजिबात नको, आम्ल शिसं जास्त ओढतं. “ईपीएनएस” असा छाप असलेली किटली चांदीची नव्हे, मुलाम्याची असते. मुलामा आतून उडालेला असेल तर चहाला धातूची चव लागते. विक्रेता भाव मात्र चांदीचा सांगतो.

बारीक तडा गेला आहे. चालेल का?

किटलीवर नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर तडा वरवरच्या चकाकीचा असेल, बद्द वाजली तर आरपार. आरपार गेलेली किटली उकळत्या पाण्याने एक दिवस हातातच दुभंगेल. सुपरग्लूने जोडू नका, उकळत्या पाण्यात तो टिकत नाही आणि अन्नाला लागावा असा नसतो. नुसता झाकणाचा टवका उडाला असेल तर काही बिघडत नाही. झाकणच फुटलं असेल तर तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घ्या आणि जुन्या भांड्यांच्या दुकानात तो आकडा सांगा. रंग जुळणार नाही, पण बसेल.